जास्वंदीखालची होडी

प्रज्ञाबाई ओव्हाळ जास्वंदीची फांदी आणायला गेल्या आणि होडी घेऊन आल्या, असं नागावात अजून सांगतात. ते अगदी तसं घडलं नाही. फांदी त्यांनी त्याच दिवशी आणली, होडीला पुढे महिना गेला.

फांदी हवी होती त्यांच्या नणंदेला, चंदाबाईंना. दुहेरी पाकळ्यांची लाल जास्वंद म्हणे पाठाऱ्यांच्या बंगल्यातच होती. बंगल्याचे मालक दिनानाथ पाठारे मुंबईला असत, वर्षातून दोनदा येत. राखणीला हरेश्वर होता. प्रज्ञाबाई हायस्कूलला खेळाच्या शिक्षिका होत्या आणि हरेश्वर त्यांच्याच हाताखाली खो-खो खेळला होता, त्यामुळे त्याने फाटक उघडून दिलं आणि स्वतः पंपाकडे गेला. विहिरीमागे कमरेएवढ्या उंचीची जास्वंदीची दाटी होती. बाईंनी खाली वाकून फांदी धरली, कोयती मारली, आणि कोयती खण्णकन कशावर तरी आपटली.

त्यांनी पाला बाजूला केला. मातीतून पितळेची एक लहान कप्पी वर आली होती, हिरवीगार गंजलेली. बाईंनी बोटाने माती उकरली. कप्पीखाली लाकडाची कड लागली, ती कड पुढे निमुळती होत गेली होती. त्या उठल्या, जास्वंदीला एक फेरी घातली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही झाडं वाफ्यात नाहीत, होडीत लावलेली आहेत. ती साधी डिंगीही नव्हती. लांबट, उथळ, दोन माणसांची, शर्यतीसाठी बांधलेली शिडाची होडी होती. हरेश्वर परत आला तेव्हा बाई कोयती मांडीवर ठेवून विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. थोरल्या साहेबांची होडी, म्हणजे दिनानाथांच्या वडिलांची, तो म्हणाला. ते गेल्यावर कोणी पाण्यात घातली नाही, पडून होती म्हणून माळ्याने तिच्यात माती भरली. निसर्ग वादळात शेजारी माड पडला तरी हिला काही झालं नाही.

बाईंना असल्या होडीची ओळख होती हे त्यांच्या घरातही कोणाला धड माहीत नव्हतं. त्यांचं माहेर रामराजकडचं. वडील रस्त्याच्या कामावर मैलकुली. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी होडी बाळगली नव्हती, समुद्र त्यांच्यासाठी बाजाराच्या पलीकडे होता. दहावीनंतर शिकायला म्हणून त्या मुंबईला मामाकडे राहिल्या. रामजी मामा कुलाब्याच्या बाजूला एका सेलिंग क्लबात कामाला होता. होड्या पाण्यात उतरवायच्या, बाहेर काढायच्या, गोड्या पाण्याने धुवायच्या. क्लबाच्या मागच्या खोलीत तो राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी प्रज्ञा त्याला हातभार लावायला जायची.

एका रविवारी एका मेंबराचा जोडीदार आलाच नाही. दोघांशिवाय शर्यतीला परवानगी नव्हती. मेंबराने इकडेतिकडे बघितलं आणि मामाला विचारलं, तुझी भाची बसेल का, नुसतं वजन पाहिजे. ती बसली. पुढचं लहान शीड तिच्या हातात आलं, वारा आला की ताण, गेला की सोड, आणि होडी कलली की पाय अडकवून अंग बाहेर टाक. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा दोन्ही तळहात सोलले होते आणि झोपेत सुद्धा ती दोरी ओढत होती, असं मामी सांगायची. पुढचे तीन हिवाळे ती कोणाकोणाच्या होडीत पुढे बसली. वारा कुठून येणार हे तिला पाण्याच्या रंगावरून कळू लागलं. मागे सुकाणू धरून बसलेला माणूस चुकीच्या बाजूला वळतोय हेही कळायचं, पण ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. सुकाणू तिच्या हाती कोणी दिलं नाही. नको असं कोणी म्हणालं नव्हतं. द्यावं असंच कोणाच्या मनात आलं नाही.

मग मामा निवृत्त झाला, खोली गेली, प्रज्ञाने शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला, नोकरी लागली, पाटबंधारे खात्यातल्या रत्नपाल ओव्हाळांशी लग्न झालं. तीस वर्षं त्यांनी पोरींना कबड्डी शिकवली. रत्नपाल गेले, मुलगा प्रथमेश उलव्याला स्थायिक झाला, बाई निवृत्त झाल्या. घरात त्या आणि चंदाबाई दोघीच उरल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी चंदाबाईंना फांदी दिली आणि हरेश्वरकडून पाठाऱ्यांचा नंबर घेतला.

दिनानाथ पाठारे फोनवर आधी हसले. होडी म्हणजे ती कुंडी ना, घेऊन जा की, म्हणाले. बाई म्हणाल्या, अशी नको. विकत द्या, आणि विकली असं चार ओळी लिहून द्या. पाठाऱ्यांना त्याची गंमत वाटली. बाईंना वाटली नाही. फुकट आणलेली वस्तू कोणीही परत मागू शकतो, आणि बौद्धवाडीतल्या बाईच्या अंगणात पाठाऱ्यांची होडी कशी आली हे विचारणारे गावात कमी नव्हते. शेवटी पाठाऱ्यांनी एक आकडा सांगितला, बाईंनी तो दिला. वर आणखी एक मागितलं. बंगल्याच्या अंगणातल्या मधुमालतीच्या मांडवाला आडवा घातलेला लांब वासा. तो वासा नव्हता, होडीची डोलकाठी होती. बाईंनी त्या जागी स्वतः बांबू नेऊन बांधला, मधुमालतीचं एक फूल पडू दिलं नाही आणि डोलकाठी सोडवून आणली.

माती उपसायला हरेश्वर आणि त्या, दोघंच होते. जास्वंदीची मुळं फळ्यांच्या सांध्यांत घुसली होती, ती एकेक करून कापावी लागली. तळ दिसला तेव्हा हरेश्वरने मान खाली घातली. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून माळ्याने तळाला ड्रिलने भोकं पाडली होती, अंगठा जाईल एवढी. आतल्या बाजूने होडीला बरगड्यांसारख्या वाकवलेल्या पट्ट्या असतात, त्यातल्या निम्म्या हाताने कुस्करल्या जात होत्या. बाहेरच्या फळ्या मात्र सागाच्या होत्या, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेल्या. बाईंनी एका फळीवर पटाशी घासली. आत लाकूड मधासारखं निघालं.

"होईल," त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं.

टेम्पोतून होडी अंगणात आली तसं माणसं बघायला येऊ लागली. वॉटर स्पोर्ट्सचा धंदा काढणार का, असं काहींनी विचारलं. होमस्टेच्या दारात ठेवून फोटो काढायला बरी, असं कोणी सुचवलं. प्रथमेशने फोनवर आधी प्रेमाने, मग रागाने सांगितलं की आई, या वयात गुडघे सांभाळ. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच्याकडून चांगल्या प्रतीचा वॉटरप्रूफ गोंद कुठे मिळतो ते काढून घेतलं. चंदाबाई होडीला वळसा घालून धुणं वाळत घालायच्या, एवढंच.

आता कारागीर पाहिजे होता. थळला नामा म्हणून कोळी होता, साठीच्या पुढचा. उभा जन्म त्याने लाकडी होड्या जोडल्या होत्या, आता फायबरच्या होड्यांना ठिगळं लावायचा. तो आला, होडीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाय, ही होरी कोनाच्या कामाची? हिच्यात जाळा ठेवाल कुठं?"

बाईंनी सांगितलं, जाळं ठेवायचं नाही, शर्यत लावायची. नामाने डोकं खाजवलं, पण काम धरलं. बरेच दिवस होड्यांत लाकडाचा वास घेतला नव्हता, हे त्याने पुढे कधीतरी कबूल केलं.

पहिला पंधरवडा बरा गेला. भोकांत सागाच्या खुंट्या बसल्या. दोन फळ्या बदलल्या. मग नामाने आतल्या बरगड्या करून आणल्या. बाईंनी त्या हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या. मनगटाएवढ्या जाड होत्या.

एवढ्या जाड नकोत, त्या म्हणाल्या. होडी जड होईल, वारा तिला उचलणार नाही. नामा म्हणाला, समुद्र काय तुमच्या शाळेचं मैदान आहे का, बारीक काड्या घातल्या तर पहिल्या लाटेला पोट फाटेल. बाईंनी जुन्या बरगडीचा शाबूत तुकडा त्याच्यापुढे धरला. बोटभर जाडीचा होता तो, आणि त्याच्यावर ती होडी वर्षानुवर्षं पळाली होती. नामा म्हणाला, ती साहेबलोकांची होडी, मोडली तर दुसरी आणायचे. मी केलेली होडी मोडली असं थळला कोणी म्हणायला नको. बाईंनी सांगितलं की या बरगड्या मी घालणार नाही. नामाने पटाशी, हातोडा, रंधा पिशवीत भरला आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी बाई होडीशेजारी बसून राहिल्या. नामाचं म्हणणं खोटं नव्हतं, ते त्यांना कळत होतं. मासेमारीची होडी तशीच पाहिजे. पण ही तशी नव्हती, आणि दोन्हींच्या मधलं काहीतरी करून ठेवायला त्या मातीतून तिला काढून घेऊन आल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाभळीचं ओलं लाकूड आणलं, सुताराकडून बोटभर पट्ट्या चिरून घेतल्या. पट्टी वाकवायची तर वाफ पाहिजे. मामाच्या क्लबात त्यांनी ते बघितलं होतं. एक लांब प्लास्टिकचा पाइप, एका टोकाला चिंधी कोंबलेली, दुसऱ्या टोकाला पाण्याचा डबा आणि खाली जाळ. बाईंचा जाळ कधी भडकायचा, कधी विझायचा. अर्धवट वाफवलेली पट्टी वाकवताना काडकन तुटायची. दुपारपर्यंत पाच पट्ट्या तुटल्या. पाइप वितळून वाकडा झाला.

चंदाबाई इतका वेळ ओटीवरून बघत होत्या. त्या उठल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि बाईंच्या हातातली फुंकणी काढून घेतली.

"सरक. तुला जाळ घालता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "मी चाळीस वर्सं भात उकडलाय."

त्यांनी सगळी लाकडं बाहेर ओढली, तीन विटांची चूल नीट मांडली, प्लास्टिकचा पाइप फेकून दिला आणि परसातला पन्हळीचा जुना पत्र्याचा नळ आणून लावला. तोंडं गोणपाटाने बांधली. जाळ एकसारखा, ना मोठा ना लहान, तासभर तसाच ठेवला. मग त्या म्हणाल्या, काढ. बाईंनी हातात गोणपाट गुंडाळून पट्टी ओढली, धावत होडीत उतरल्या, एक टोक दाबलं. पट्टी शिजलेल्या शेवग्यासारखी वाकली आणि फळ्यांना चिकटून बसली. दोघींनी मिळून शिकंजे आवळले. दुसरी पट्टी चंदाबाईंनी आधीच आत सारली होती.

अशा सगळ्या बरगड्या त्या दोघींनी बसवल्या. नामाच्या कानावर गेलं तसा तो एका सकाळी आला. आत उतरला, प्रत्येक बरगडीला अंगठ्याने दाबून बघितलं. दोन ठिकाणी खिळा चुकला होता, तो उपटून त्याने नीट मारला. "बारीक हायत," तो म्हणाला. "पन दाट घातल्याव. चालंल." मग पिशवीतून कापसाचं सूत आणि राळ-तेलाचा लगदा काढून तो फळ्यांचे सांधे भरायला बसला. भांडणाचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. बसायच्या फळीखाली बाईंनी रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधले तेव्हा मात्र तो पोट धरून हसला. होडी उलटली तर तरंगायला पाहिजे, बाई म्हणाल्या. नामा म्हणाला, होडी उलटायची तयारी करून समुद्रात जाणारं माणूस मी आजवर बघितलं नाही.

होडीचं नाव चंदाबाईंनी ठेवलं. यशोधरा. निळ्या रंगात, मागच्या बाजूला.

आक्षीच्या खाडीत भरतीला होडी उतरवली आणि बघता बघता ती पाण्याने भरून बुडाली. काठावर जमलेल्या माणसांनी हळहळ व्यक्त केली. बाईंनी उलट चार दगड आणून तिच्यात ठेवले. सुकलेलं लाकूड पाण्यात फुगावं लागतं, तेव्हाच सांधे मिटतात, हे त्यांना आणि नामाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं. आठवडाभर बाईंना रस्त्यात माणसं थांबवून धीर देत होती. प्रथमेशने फोन करून सांगितलं की आई, मनाला लावून घेऊ नकोस. आठव्या दिवशी बाईंनी दगड काढले, बादलीने पाणी उपसलं आणि संध्याकाळपर्यंत काठावर बसून बघितलं. तळाशी फक्त ओल होती.

खरं शीड मुंबईहून शिवून यायला वेळ होता. तोवर बाईंनी तालुका कबड्डी स्पर्धेचा जुना फ्लेक्स कापून शीड शिवलं. "मुलींचा खुला गट" अशी अक्षरं तिरपी होऊन आभाळाकडे जायची. आणि पुढे बसायला माणूस पाहिजे होता. नामाने साफ नकार दिला, शिडाची होडी त्याने बापाबरोबर चालवली होती, आता इंजिनशिवाय त्याचं मन लागत नव्हतं. हरेश्वर एकदा आला आणि त्याला ओकाऱ्या झाल्या. गावातल्या जुन्या विद्यार्थिनींना विचारलं, कोणाची नोकरी, कोणाचं बाळ.

"मी येते," चंदाबाई भाकरी थापताना म्हणाल्या.

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. वय सदुसष्ट. अंगाने भरलेल्या. पोहता येत नाही. समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेल्या नव्हत्या.

"वन्सं, पाण्याची भीती नाही वाटत?"

"वाटतेय की," चंदाबाई म्हणाल्या. "पन घरात बसून वाट बघायची जास्त वाटंल."

बाईंनी त्यांना शेजारच्या वाडीतल्या विहिरीत उतरवलं. लाइफ जॅकेट घालून आधी पायरी धरून, मग दोरी धरून, मग नुसतं. चंदाबाईंनी तक्रार केली नाही, फक्त रोज उतरायच्या आधी डोळे मिटून बुद्धवंदनेच्या दोन ओळी पुटपुटायच्या. महिन्याभरात त्या पाठीवर तरंगू लागल्या. कासोट्याचं लुगडं होडीत फारच सोयीचं ठरलं. बाईंची पँट जागोजागी अडकायची, चंदाबाई एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरसर जायच्या. आणि होडी कलली की त्या बाहेर ओणवल्या की ती मुकाट सरळ व्हायची. बाईंनी मनात म्हटलं, वजन पाहिजे ते असं.

बाईंच्या हातात सुकाणू पहिल्यांदा आलं ते खाडीच्या शांत पाण्यात. एवढी वर्षं पुढे बसून दुसऱ्याच्या चुका दिसत होत्या. आता स्वतःच्या दिसू लागल्या. सुकाणू ज्या बाजूला लोटावं त्याच्या उलट होडी जाते हे डोक्याला पाठ होतं, हाताला नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी नामाच्या भावकीतल्या एकाच्या होडीला धडक दिली. दुसऱ्या दिवशी कांदळवनात शिरल्या. त्या रोज गेल्या. निवृत्त झाल्यावर सकाळी उशिरा उठायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

नवीन शीड आलं, पांढरं, करकरीत. कार्तिकात त्या दोघी पहिल्यांदा खाडीबाहेर पडल्या. सकाळ छान गेली. दुपारी वायव्येचा वारा वाढला. नागावच्या किनाऱ्यासमोर पर्यटकांची गर्दी, बनाना राइड, जेट स्की, सगळं चालू होतं. परतायला म्हणून बाईंनी वारा पाठीवर घेतला आणि होडी वळवली. असं वळताना शिडाची आडवी काठी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपकन फिरते. आधी ओरडून सांगायचं असतं. बाईंनी सांगितलं नाही. त्यांचं लक्ष जेट स्कीकडे होतं. काठी फिरली, चंदाबाई चुकीच्या बाजूला राहिल्या, आणि यशोधरा आडवी झाली.

पाण्यातून डोकं वर काढून बाईंनी पहिली हाक चंदाबाईंना मारली. उत्तर आलं नाही. शीड पाण्यावर पसरलं होतं. बाई शिडाच्या कडेने पोहत पलीकडे गेल्या. चंदाबाई पाठीवर तरंगत होत्या, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. दोन ओळी चालल्या होत्या. बाईंनी त्यांचा हात होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, ठेवला आणि म्हणाल्या, धरून राहा.

वॉटर स्पोर्ट्सची मोटारबोट तोवर आली. तिच्यावरच्या माणसाने दोर टाकला, डोलकाठीला बांधा, ओढत नेतो. बाईंनी तो दोर परत फेकला. डोलकाठीला धरून ओढलं तर ती मोडली असती. त्याने सांगितलं, बाई, हट्ट करू नका, वारा वाढतोय. बाई म्हणाल्या, तुम्ही इथेच थांबा, बुडतोय असं वाटलं तर आम्हांला दोघींना उचला. होडीला हात लावायचा नाही.

त्या होडीच्या तळाकडे गेल्या. पोटातून खाली सोडलेली फळी आता आडवी बाहेर आली होती. तिच्यावर चढून, कडेला लटकून अंगाचा भार टाकायचा, म्हणजे होडी उठते. त्या चढल्या, दोरी धरली, मागे झुकल्या. डोलकाठी हातभर वर आली आणि पुन्हा पाण्यात पडली. पुन्हा झुकल्या. पुन्हा पडली. त्यांचं वजन पुरत नव्हतं. शीड पाण्याने जड झालं होतं.

"वन्सं," त्यांनी हाक मारली, "इकडे यायला पाहिजे. हात सोडून. जमेल?"

चंदाबाईंनी नाळ सोडली. विहिरीत शिकल्या होत्या तसे हात मारत, लाटेबरोबर नाकातोंडात पाणी जात, त्या होडीला वळसा घालून आल्या. बाईंनी त्यांना काखेत धरून फळीवर ओढलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, दोरी धरून मागे टेकल्या. किनाऱ्यावरची माणसं मोबाइल धरून बघत होती. डोलकाठी हलली, वर येत गेली, शिडातून पाणी धबधब्यासारखं पडलं, आणि यशोधरा एका झटक्यात उभी राहिली. काठोकाठ भरलेली होती, पण कॅनच्या जोरावर तरंगत होती. बाई आत गेल्या, दोरीने बांधलेली बादली घेतली आणि उपसायला लागल्या. हात भरून आले तेव्हा चंदाबाईंनी बादली घेतली. मोटारबोट शेवटपर्यंत जवळ थांबली होती. दोघींनी शिडात वारा घेतला तेव्हा त्या माणसाने हात वर केला आणि निघून गेला.

त्या रात्री चंदाबाई जेवल्या आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशीही बोलल्या नाहीत. बाईंना वाटलं, संपलं. आपण माणूस धोक्यात घातलं, त्यांनी नको म्हटलं तर एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. होडीवर ताडपत्री घातली. त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा घेताना चंदाबाई म्हणाल्या, "काठी फिरवायच्या आधी सांगत जा. मोठ्यांदा सांग. वाऱ्यात मला कमी ऐकू येतं."

पुढचे दोन महिने बाईंनी कबड्डीच्या मैदानावर लावायच्या तो आवाज होडीत लावला. खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू जायचं.

पौषात मांडव्याला जुन्या लाकडी होड्यांची शर्यत होती. मुंबईची, अलिबागची काही हौशी माणसं दरवर्षी जमवायची. नामाने पिकअपची सोय केली, स्वतः पुढे बसला आणि प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हरला शिव्या दिल्या. नऊ होड्या होत्या. एकेकीचं वॉर्निश आरशासारखं, माणसांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट. यशोधरेकडे बघून एक-दोघांनी आपुलकीने विचारपूस केली. चंदाबाईंच्या लुगड्याकडे मात्र सगळ्यांनी बघितलं. त्यांनीही सगळ्यांच्या चड्ड्यांकडे बघून घेतलं.

सुरुवात वाईट झाली. भोंगा वाजला तेव्हा यशोधरेचं तोंड भलतीकडे होतं. वळसा घालायच्या पहिल्या तरंगत्या बोयापर्यंत त्या शेवटच्या होत्या. मग वारा पडला. पुढच्या होड्या किनाऱ्याच्या बाजूला वारा शोधत गेल्या. बाईंनी पाण्याकडे बघितलं. ओहोटी लागली होती, मधल्या पाण्याला ओढ होती आणि लांबवर एक गडद पट्टा सरकत येत होता. त्या मधेच राहिल्या. चंदाबाईंनी विचारलं, सगळी तिकडं गेली, आपण इकडं का. बाई म्हणाल्या, थांबा. गडद पट्टा आला, शीड भरलं, यशोधरा कलली, चंदाबाई बाहेर ओणवल्या. एक होडी मागे पडली. मग दुसरी, मग आणखी दोन. शेवटच्या बोयाला वळसा घातला तेव्हा त्या पाचव्या होत्या.

वळताना होडीचं बूड बोयाला घासलं. आवाजसुद्धा झाला नाही.

बोयाला लागलं तर जागेवर एक पूर्ण गोल फिरायचं, असा नियम आहे. परीक्षकांची बोट दूर होती. मागची होडी त्यांच्याकडे बघत नव्हती. बाईंनी सुकाणू लोटलं आणि गोल घ्यायला सुरुवात केली. चंदाबाईंना काही कळेना. काय झालं ते कळल्यावर त्या भडकल्या. पूर्ण गोलभर त्या बोलत होत्या. कोणी बघितलं नाही, धक्का लागला नाही, ते प्लास्टिकचं भांडं, त्याला काय कळतंय, दोन महिने मी नाकातोंडात पाणी घेतलं ते कशाला. बोलता बोलता त्या दोरी मात्र बरोबर ताणत होत्या आणि बरोबर सोडत होत्या. गोल पुरा होईपर्यंत दोन होड्या पुढे निघून गेल्या.

"पोरींना तीस वर्षं सांगितलं, वन्सं," बाई म्हणाल्या. "रेषेला पाय लागला तर स्वतःहून बाहेर यायचं. आता मीच कशी राहू आत?"

चंदाबाईंनी तोंड फिरवलं. "मग घासू नको," त्या म्हणाल्या.

नवांत सातव्या आल्या. बक्षीस पहिल्या तिघांना होतं. जेट्टीवर चहा पिताना नामाने विचारलं, ते मधेच गोल कशाला फिरलात, दोर अडकला का. बाईंनी सांगितलं. नामाने चहा संपवला आणि म्हणाला की सुकाणूचं पातं बोटभर लांब पाहिजे, म्हणजे होडी वळताना एवढी घसरणार नाही. पावसाच्या आधी करून देतो.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायका चंदाबाईंना शर्यतीचं विचारतात. त्या सांगतातही. आधी सांगायच्या त्या गोष्टीत त्या सातव्या आल्या होत्या, मग पाचव्या, आणि वैशाखात कोणीतरी तिसरा नंबर असं ऐकलं. तिथे बसलेल्या प्रज्ञाबाई दर वेळी शांतपणे म्हणतात, सातवा. चंदाबाई म्हणतात, तेच ते.

यंदाच्या शर्यतीची तारीख अजून आलेली नाही. अंगणात यशोधरा दोन ओंडक्यांवर पालथी घातली आहे, नवं पातं नामाने आणून टेकवून ठेवलं आहे, आणि दोघी नणंद-भावजया सकाळपासून तिच्या पोटाला पॉलिश पेपर घासत बसल्या आहेत. चंदाबाईंचं म्हणणं आहे की डाव्या बाजूला अजून खरबरीत लागतंय.